क्रोम धूरनळीचे उष्णताजन्य विवर्णन

क्रोम धूरनळीचे उष्णताजन्य विवर्णन म्हणजे मोटारसायकल किंवा मोटारगाडीच्या क्रोमियम-विलेपित धूरनळीवर अतिउष्णतेमुळे पिवळसर, तपकिरी, जांभळा किंवा निळा रंग चढण्याची क्रिया होय. बोलीभाषेत 'सायलेन्सर निळा पडणे' असा शब्दप्रयोग रूढ आहे. हा रंग बाहेरून लागलेला नसतो. क्रोमियम तापल्यावर त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि पृष्ठभागावर ऑक्साइडाचा अतिशय पातळ, पारदर्शक थर तयार होतो. त्या थरातील प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे रंग दिसतात.

हे विवर्णन मुख्यतः इंजिनाजवळच्या पहिल्या वळणावर आढळते. या भागाला गॅरेजांमध्ये 'बेंड पाईप' म्हणतात. थोडी पिवळसर झाक अनेक वाहनांवर येते व ती निरुपद्रवी असते. मात्र गडद निळा रंग अल्पावधीत उमटला, किंवा पूर्वी स्वच्छ असलेली नळी अचानक रंगली, तर ते इंजिनातील बिघाडाचे लक्षण असू शकते. त्यामुळे या विषयाला केवळ शोभेचे नव्हे, तर इंजिनाच्या देखभालीचेही महत्त्व आहे.

संज्ञा

'धूरनळी' या शब्दाने येथे सिलिंडरपासून निघून शेवटच्या ध्वनिशामकापर्यंत जाणारी संपूर्ण नळी अभिप्रेत आहे. तिचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग म्हणजे सिलिंडरच्या डोक्याला जोडलेली वळणदार नळी आणि दुसरा म्हणजे आवाज कमी करणारा ध्वनिशामक. भारतात 'सायलेन्सर' हा शब्द काटेकोरपणे दुसऱ्या भागाचा असला, तरी व्यवहारात तो संपूर्ण नळीसाठी वापरला जातो. विवर्णनाचा त्रास प्रामुख्याने पहिल्या भागाला होतो, कारण ज्वलनकक्षातून निघालेले वायू तेथे सर्वाधिक तप्त असतात.

क्रोम विलेपनाची रचना

क्रोमियम हे मूलद्रव्य फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई निकोला वोक्लँ यांनी १७९७ मध्ये सैबेरियातील एका तांबड्या शिसे-खनिजात शोधले. त्याची संयुगे नाना रंगांची असल्यामुळे 'रंग' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. शुद्ध क्रोमियम कठीण व चकचकीत असून १,९०७ अंश सेल्सिअसला वितळते. व्यापारी प्रमाणावरील क्रोम विलेपन १९२० च्या दशकात शक्य झाले. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात कॉलिन फिंक यांनी त्या काळी केलेले संशोधन यात महत्त्वाचे मानले जाते. त्यापूर्वी सायकली, मोटारसायकली व मोटारगाड्यांच्या चकचकीत भागांवर निकेलाचा मुलामा असे. तो लवकर मंदावत असल्याने वारंवार घासावा लागे.

धूरनळी पोलादाची असते. तिच्यावर विद्युत विलेपनाने प्रथम निकेलाचा आणि त्यावर क्रोमियमचा थर चढवतात. काही वेळा निकेलाखाली तांब्याचाही थर असतो. निकेलाचा थर साधारण १० ते ३० मायक्रोमीटर जाडीचा असतो, तर शोभेच्या क्रोमियमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. मानवी केसाची जाडी सुमारे ७० मायक्रोमीटर धरली, तर हा थर केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ ठरतो. गंजापासून खरे संरक्षण निकेल देते. क्रोमियम निळसर-पांढरी झळाळी व ओरखड्यांना प्रतिकार देते. विवर्णन आणि त्यावरील उपाय यांचा विचार करताना क्रोमियमचा हा तनुपणा लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

रंग दिसण्याचे कारण

सामान्य तापमानाला क्रोमियमवर ऑक्साइडाचा थर असतोच. पण तो इतका पातळ असतो की डोळ्यांना दिसत नाही. हाच थर धातूला काळवंडण्यापासून वाचवतो. तापमान काही शे अंशांपर्यंत वाढले की ऑक्सिडीभवनाचा वेग वाढतो व थर जाड होऊ लागतो. त्याची जाडी काही दशक नॅनोमीटर झाली की रंग दिसू लागतात.

प्रकाशाचा काही भाग या थराच्या वरच्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो. उरलेला थरात शिरून खालच्या धातूवरून परत येतो. दोन्ही किरण एकत्र येताना काही तरंगलांबी एकमेकींना बळकट करतात, तर काही एकमेकींना नाहीशा करतात. थर पातळ असताना निळ्या-जांभळ्या बाजूचा प्रकाश नाहीसा होतो व पृष्ठभाग पिवळसर दिसतो. थर वाढत गेला की नाहीशी होणारी तरंगलांबी वाढत जाते; परिणामी पिवळ्यानंतर तपकिरी, मग जांभळा व शेवटी निळा असा क्रम दिसतो. साबणाच्या फुग्यावरील किंवा पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सांडलेल्या तेलावरील रंग याच तत्त्वाने दिसतात. पातळ थरांच्या रंगांचे निरीक्षण रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात नोंदवले होते. त्यांचा व्यतिकरणाच्या आधारे उलगडा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस यंग यांनी केला.

लोहारकामात हे रंग फार पूर्वीपासून ओळखीचे आहेत. पोलादी हत्याराला पाणी देताना ते पुन्हा तापवून त्यावर चढणारा रंग पाहिला जातो. पिवळसर, तपकिरी की निळा, यावरून हत्यार किती तापले याचा अंदाज घेतात. धूरनळीवरचा रंगही अशाच प्रकारे तिच्या तापमानाची नोंद असतो.

थर एकदा वाढला की नळी थंड झाल्यावर तो कमी होत नाही. म्हणून एका वेळच्या अतिउष्णतेची खूणही कायम राहते. थर जसजसा जाड होतो, तसतसा ऑक्सिजनला धातूपर्यंत पोहोचणे कठीण होते व वाढ मंदावते. नव्या नळीवर रंग पहिल्या काही प्रवासांतच उमटतो आणि नंतर फारसा बदलत नाही, याचे हेच कारण आहे.

रंग व तापमान

क्रोमियमयुक्त अगंज पोलाद हवेत तापवल्यावर दिसणारे रंग व त्यांची तापमाने पुढीलप्रमाणे सांगितली जातात:

• फिकट पिवळा – सुमारे २९० अंश सेल्सिअस
• गवती पिवळा – सुमारे ३४० अंश
• गडद पिवळा – सुमारे ३७० अंश
• तपकिरी – सुमारे ३९० अंश
• जांभळट तपकिरी – सुमारे ४२० अंश
• गडद जांभळा – सुमारे ४५० अंश
• निळा – सुमारे ५४० अंश
• गडद निळा – सुमारे ६०० अंश

अगंज पोलादावरील संरक्षक थरही मुख्यतः क्रोमियमच्या ऑक्साइडाचा असल्यामुळे क्रोम-विलेपित नळीसाठी ही सारणी ढोबळ मार्गदर्शक ठरते. प्रत्यक्ष रंग तापमानाबरोबरच तापण्याच्या कालावधीवर व विलेपनाच्या प्रतीवरही अवलंबून असतो. साध्या कार्बनी पोलादावर हेच रंग बरेच आधी येतात. त्यावर निळा रंग सुमारे ३०० अंशांनाच दिसतो.

अतिउष्णतेची कारणे

पेट्रोल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचे तापमान भारानुसार साधारणतः ४०० ते ९०० अंश सेल्सिअस असते. नळीचा बाह्य पृष्ठभाग हवेने थंड होत असल्याने त्याहून बराच कमी तापतो. हा समतोल पुढील कारणांनी बिघडतो.

हवा व इंधन यांचे प्रमाण

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा व १ भाग पेट्रोल लागते. कार्ब्युरेटर असलेली हवाशीतित इंजिने बहुधा यापेक्षा थोड्या दाट, म्हणजे अधिक पेट्रोल असलेल्या मिश्रणावर चालवली जातात. जास्तीचे पेट्रोल वायूंचे तापमान काहीसे खाली ठेवते. जेट लहान असणे, त्यात कचरा अडकणे, कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील रबरी जोड तडकणे किंवा मोकळा हवा-गाळक बसवूनही जेट न बदलणे या कारणांनी मिश्रण विरळ होते. गॅरेजच्या भाषेत गाडी 'लीन' चालते. अशा वेळी नळी अधिक तापते.

ठिणगीची वेळ

ठिणगी उशिरा पडली तर ज्वलनही लांबते. दट्ट्या खाली जाऊ लागल्यावरही ज्वलन चालू राहते. त्यामुळे उष्णतेचे कार्यात रूपांतर कमी होते आणि उरलेली उष्णता धूरनळीत जाते. याउलट ठिणगी फार लवकर पाडल्यास नळी कमी तापते. पण सिलिंडरमध्ये ठोके पडून दट्ट्यास इजा पोहोचू शकते. म्हणून वेळ उत्पादकाने ठरवून दिल्याप्रमाणेच ठेवावी लागते.

जोडातील गळती

सिलिंडर व धूरनळी यांच्या जोडात चकतीच्या आकाराचे गॅस्केट असते. ते दबले किंवा जळले तर केवळ धूर बाहेर येत नाही, तर दाबाच्या चढउतारामुळे बाहेरची हवाही आत ओढली जाते. त्या हवेतील ऑक्सिजनमुळे न जळलेले इंधन नळीतच पेट घेते. थ्रॉटल सोडल्यावर नळीतून 'फट्फट्' आवाज येणे हे याचे परिचित लक्षण होय.

झडपांतील अंतर

निष्कास झडपेचे अंतर आवश्यकतेपेक्षा कमी झाल्यास झडप आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही. पेटते वायू तिच्या कडेने निसटून नळीत शिरतात. दुर्लक्ष झाल्यास झडपेची कड जळते आणि सिलिंडरचे डोके उघडून दुरुस्ती करावी लागते.

थंडाव्याचा अभाव

उभ्या वाहनाचे इंजिन बराच वेळ चालू ठेवल्यास नळीवरून वारा वाहत नाही. मंदगतीवर वायू तुलनेने कमी तप्त असले, तरी नळीची उष्णता निघून जात नाही. उभ्या गाडीचे इंजिन वारंवार मोठ्या गतीने फिरवल्यास परिणाम अधिक तीव्र होतो. नव्या गाडीची जुळणी करताना काही मिनिटांतच नळी निळी पडू शकते.

नळीची रचना

वळणावर वायू बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर आदळतात, त्यामुळे तेथे उष्णता अधिक प्रमाणात धातूत जाते. शिवाय नळी वाकवताना बाहेरच्या बाजूचा पत्रा ताणून पातळ होतो. एकेरी भिंतीच्या नळीत विवर्णन हमखास त्या जागी सुरू होते.

इतर डागांपासून भेद

नळीवरील प्रत्येक डाग ऑक्सिडीभवनाचा नसतो. उपाय वेगवेगळे असल्याने डागाचा प्रकार ओळखणे गरजेचे ठरते.

• जळकट डाग : नव्या नळीवर बोटांचे तेलकट ठसे किंवा ग्रीस राहिले तर पहिल्याच तापण्यात ते जळून तपकिरी खुणा उमटतात. त्यांचा आकार बोटाच्या ठशासारखा किंवा ओघळासारखा असतो.
• चिकटलेले पदार्थ : बुटाचा तळ, पावसाळी पोशाख किंवा प्लास्टिकची पिशवी तप्त नळीला लागून वितळते व काळा, उंचवटा असलेला डाग राहतो.
• पाण्याचे व चिखलाचे डाग : क्षारयुक्त पाणी तप्त नळीवर वाळल्याने पांढुरकी वलये दिसतात.
• गंज : तांबूस ठिपके दिसल्यास विलेपनाला छिद्रे पडून खालचे पोलाद उघडे पडलेले असते. समुद्रकिनाऱ्यावरील खाऱ्या हवेत हा दोष लवकर येतो.

उष्णताजन्य विवर्णनात रंगांचे पट्टे एकमेकांत मिसळत जातात. सर्वांत तप्त भागी निळा आणि त्यापासून दूर जाताना जांभळा, तपकिरी व पिवळा असा क्रम असतो. पृष्ठभाग मात्र हाताला गुळगुळीत लागतो.

प्रतिबंध

नवी नळी बसवताना

नळी बसवल्यावर पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलासारख्या डाग न ठेवणाऱ्या द्रावकाने व स्वच्छ कापडाने पुसतात. त्यानंतर नळीला उघड्या हाताने स्पर्श करू नये. जोडातील गॅस्केट जुने न वापरता नवे बसवणे इष्ट असते. बोल्ट एकाच बाजूने पूर्ण न आवळता आलटूनपालटून थोडे थोडे आवळल्यास जोड सर्व बाजूंनी सारखा बसतो. जुळणीसाठी इंजिन उभ्या जागी चालवणे भाग असेल, तर सिलिंडर व नळीसमोर मोठा पंखा ठेवतात.

इंजिनाची जुळणी

प्रतिबंधाचा हा मूळ उपाय होय. मिश्रणाचे प्रमाण, ठिणगीची वेळ, झडपांचे अंतर व सर्व जोड तपासून घेतल्यावरच अन्य उपायांना अर्थ उरतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत प्लगचा रंग पाहून प्राथमिक अंदाज बांधता येतो. टोक फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य, पांढुरके असेल तर विरळ व काजळीने काळे असेल तर दाट समजतात. आधुनिक इंधनांमुळे ही खूण पूर्वीइतकी विश्वसनीय राहिलेली नाही. म्हणून शक्य असल्यास धूरातील वायूंची यंत्राने तपासणी करून घेणे अधिक चांगले. इंधन अंतःक्षेपण असलेल्या वाहनांत ऑक्सिजन संवेदक व संगणकीय नियंत्रक मिश्रण सांभाळतात. तेथे संवेदकाची व जोडांची तपासणी महत्त्वाची असते.

नळी निळी पडू नये म्हणून मिश्रण गरजेपेक्षा अधिक दाट करणे चुकीचे आहे. त्यामुळे पेट्रोल वाया जाते, प्लगवर काजळी धरते व प्रदूषण वाढते. जोडात गळती असल्यास हेच जादा पेट्रोल नळीत जळून उलट उष्णता वाढवते.

दुहेरी भिंत व उष्णता-कवच

अनेक उत्पादक एका नळीत दुसरी नळी बसवून मध्ये हवेची पोकळी ठेवतात. हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने बाहेरची क्रोम नळी बरीच कमी तापते. दुसऱ्या पद्धतीत मूळ नळीवर वेगळे क्रोम-विलेपित पत्र्याचे कवच बसवले जाते. आतील नळी रंगली तरी कवचाची झळाळी टिकते आणि चालकाचा पायही भाजत नाही. क्रोम टिकवण्याचा हा सर्वांत खात्रीचा यांत्रिक मार्ग समजला जातो.

आतून लेप

नळी नवी असताना तिच्या आतील बाजूस उष्णतारोधक सिरॅमिक लेप देता येतो. हा लेप वायूंकडून धातूकडे जाणारी उष्णता कमी करतो. काही लेप द्रवरूपात आत ओतून, नळी फिरवून पसरवले जातात व मग ठरावीक तापमानाला भाजून पक्के केले जातात. आत काजळी किंवा तेल असल्यास लेप धरत नाही. म्हणून वापरलेल्या नळीपेक्षा कोऱ्या नळीवर तो अधिक टिकतो. लेपामुळे उष्णतेचा प्रवाह मंदावतो, पण सदोष मिश्रणाचा दोष त्याने दूर होत नाही.

उष्णतारोधक पट्टी

काचतंतू किंवा बेसॉल्टतंतूंची पट्टी नळीभोवती गुंडाळण्याची पद्धत शर्यतीच्या वाहनांत रूढ आहे. ती उष्णता आत कोंडते. त्यामुळे पट्टीखालचा धातू उलट अधिक तापतो. ओलावा धरून ठेवल्याने नळी गंजण्याचाही धोका असतो. शिवाय क्रोम झाकले जात असल्याने शोभा राखण्याचा हेतू साध्य होत नाही. म्हणून उघड्या क्रोम नळीसाठी हा उपाय अयोग्य ठरतो.

वापरातील सवयी

• इंजिन सुरू केल्यावर उभ्या जागी फार वेळ न तापवता सावकाश गतीने निघणे.
• दीर्घ वाहतूक कोंडीत किंवा फाटकाजवळ इंजिन बंद करणे.
• चढावर योग्य गिअर वापरून इंजिनावर अनावश्यक ताण न देणे.
• नळी पूर्ण थंड झाल्यावरच धुणे व लगेच कोरड्या कापडाने पुसणे.
• साधे मेण तप्त भागावर न लावणे, कारण ते जळून पिवळे डाग पडतात.

डाग काढण्याच्या पद्धती

पिवळसर किंवा फिकट निळा रंग सूक्ष्म अपघर्षक असलेल्या क्रोम पॉलिशने निघू शकतो. नळी थंड असताना मऊ कापडावर थोडे पॉलिश घेऊन हलक्या हाताने चोळतात. ॲल्युमिनियमचा पातळ कागद पाण्यात भिजवून घासण्याचा उपायही प्रचलित आहे. ॲल्युमिनियम क्रोमियमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडण्याची शक्यता कमी असते. साधी पोलादी घासणी, काचकागद किंवा भांडी घासण्याची भरड पूड मात्र वापरू नये.

या उपायांना मर्यादा आहे. क्रोमियमच्या ऑक्साइडाचे आकारमान ते ज्या धातूपासून बनते त्याच्या सुमारे दुप्पट असते. म्हणजे ६० नॅनोमीटरचा निळा थर तयार होताना सुमारे ३० नॅनोमीटर क्रोमियम खर्ची पडते. क्रोमचा थर ३०० नॅनोमीटरचा असेल, तर एकदा निळे पडून घासले जाण्यात त्याचा दहावा भाग गेला असे होते. घासण्यातील झीज त्याहून वेगळी. मूळ दोष दुरुस्त न करता वारंवार घासत राहिल्यास खालचे पिवळसर निकेल उघडे पडते व मग कोणत्याही पॉलिशने झळाळी परत येत नाही.

आम्लाचा धोका

स्वच्छतागृहे धुण्यासाठी मिळणाऱ्या अनेक द्रावणांत हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते नळीवर लावल्यास डाग गेल्यासारखा भासतो, पण प्रत्यक्षात क्रोमियमच विरघळते. जुने क्रोम उतरवण्यासाठी विलेपन व्यवसायात हेच आम्ल वापरले जाते, यावरून त्याचा परिणाम ध्यानात येतो. तांब्यापितळेची भांडी चिंच किंवा लिंबाने लखलखीत होतात. क्रोमियमच्या ऑक्साइडावर मात्र अशा सौम्य आम्लांचा फारसा परिणाम होत नाही.

पुनर्विलेपन

थर पूर्ण खराब झाल्यास नळीवर पुन्हा क्रोम चढवता येते. मात्र वापरलेल्या नळीतील काजळी व तेल विलेपनाच्या द्रावणात मिसळून ते दूषित होत असल्याने अनेक कारागीर अशा नळ्या स्वीकारत नाहीत किंवा आतून पूर्ण साफ करून मागतात. आधी अतिउष्णतेचे कारण दूर केले नसल्यास नवे क्रोमही त्याच जागी निळे पडते.

आरोग्य व पर्यावरण

पारंपरिक क्रोम विलेपनात क्रोमिक आम्लाचे, म्हणजे षट्संयुजी क्रोमियमचे द्रावण वापरतात. षट्संयुजी क्रोमियमची संयुगे मानवात कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गीकरणात नमूद आहे. विलेपनाच्या हौदावरून उडणारे तुषार श्वासावाटे जाणे कामगारांस अपायकारक असते. त्याचे सांडपाणी प्रक्रियेविना सोडल्यास जमीन व भूजल दूषित होते. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर क्रोमियम ट्रायऑक्साइडाच्या वापरासाठी विशेष परवानगी आवश्यक करण्यात आली. त्रिसंयुजी क्रोमियमची पद्धत तुलनेने कमी घातक असून शोभेच्या विलेपनासाठी तिचा वापर वाढत आहे.

तयार नळीवरील धातुरूप क्रोमियम हाताळण्यास हा धोका नसतो. परंतु प्रत्येक पुनर्विलेपनामागे ही प्रक्रिया पुन्हा करावी लागते. त्यामुळे नळी मुळात खराब होऊ न देण्याला ग्राहकाच्या खर्चापलीकडेही अर्थ आहे.

भारतातील संदर्भ

भारतात क्रोम धूरनळीची ओढ विशेषतः जुन्या धाटणीच्या मोटारसायकलींमुळे निर्माण झाली. मद्रास (आताचे चेन्नई) येथे १९५५ पासून जुळणी होऊ लागलेली रॉयल एनफील्ड बुलेट, म्हैसूर येथे तयार होणाऱ्या जावा व येझदी आणि १९८५ मध्ये आलेली यामाहा आरएक्स १०० या गाड्यांच्या लांब चकचकीत नळ्या त्यांची ओळख बनल्या. यांपैकी जावा, येझदी व आरएक्स १०० या टू-स्ट्रोक गाड्या होत. टू-स्ट्रोक इंजिनात मिश्रण विरळ झाल्यास केवळ नळी रंगत नाही, तर दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकून इंजिन जाम होण्याची भीती असते. म्हणून तेथे नळीच्या रंगातील अचानक बदल हा गंभीर इशारा समजावा लागतो.

महाराष्ट्रात मुंबई-पुण्याची वाहतूक कोंडी आणि सह्याद्रीतील घाटांचे लांब चढ या दोन्ही परिस्थितींत नळीला वारा कमी व उष्णता अधिक मिळते. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर उष्णतेबरोबर खाऱ्या दमट हवेचाही परिणाम होतो. तेथे नळी वारंवार गोड्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवणे आवश्यक असते.

पेट्रोलमध्ये उसापासून व धान्यापासून तयार केलेले इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात वाढले आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्याने त्याच्या पूर्ण ज्वलनाला वजनाने सुमारे ९ भागच हवा लागते. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलसाठी हे प्रमाण सुमारे १३.५ होते. अंतःक्षेपण असलेली नवी वाहने मिश्रण आपोआप जुळवतात. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट मात्र ठरावीक मापाचे असल्याने तेच मिश्रण तुलनेने विरळ ठरते. अशा गाड्यांची नळी नव्याने रंगू लागल्यास जेट व रबरी भाग तपासून घेणे उचित होय.

मूळ नळी बदलून मोठा आवाज करणारी नळी बसवण्याचा प्रकारही आढळतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत उत्पादकाच्या नोंदींशी विसंगत फेरफार करण्यास प्रतिबंध करते. अशा नळ्या बहुधा एकेरी भिंतीच्या असतात. त्यांना अनुरूप इंधन-जुळणी केलेली नसल्यास त्या लवकर निळ्या पडतात.

सौंदर्यदृष्टी

विवर्णनाकडे पाहण्याची दृष्टी धातूनुसार बदलते. टायटॅनियमच्या नळीवरील निळे-जांभळे पट्टे शोभेचे मानले जातात व काही उत्पादक ते मुद्दाम निर्माण करतात. अगंज पोलादी नळीची सोनेरी छटाही अनेकांना आवडते. क्रोमची महती मात्र त्याच्या निर्मळ, आरशासारख्या झळाळीत असल्याने त्यावरील रंग दोष समजला जातो. तरीही गाडी भरपूर चालवली गेल्याची खूण म्हणून फिकट सोनेरी छटा तशीच राखणारे मालकही आहेत. इंजिनाची जुळणी योग्य असेल, तर तशी छटा राहू देण्यात यांत्रिक हानी नाही.

सामान्य गैरसमज

• निळी नळी म्हणजे हलके क्रोम : उत्तम प्रतीचे क्रोमही पुरेशा तापमानाला रंगतेच. पापुद्रे सुटणे किंवा फोड येणे हे मात्र सदोष विलेपनाचे लक्षण असते.
• रंग आला म्हणजे इंजिन बिघडलेच : एकेरी भिंतीच्या नळीवर पहिल्या वळणाजवळ थोडी छटा येणे स्वाभाविक आहे. रंगाची व्याप्ती, गडदपणा व तो येण्याचा वेग पाहावा लागतो.
• पॉलिश लावले की नळी पुन्हा रंगत नाही : पॉलिश तयार झालेला थर काढते, उष्णता कमी करत नाही.
• दोन नळ्यांपैकी एकच रंगणे हा योगायोग : दोन सिलिंडरांच्या गाडीत असे झाल्यास त्या बाजूचे मिश्रण, झडप किंवा जोड यांत फरक असल्याची शक्यता अधिक असते. निदानासाठी ही खूण विशेष उपयुक्त आहे.

हेही पहा

• क्रोमियम
• विद्युत विलेपन
• ऑक्सिडीभवन
• प्रकाशाचे व्यतिकरण
• अगंज पोलाद
• कार्ब्युरेटर
• अंतर्ज्वलन इंजिन